ध्यानात राहिलेली दृश्ये



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे त्याच वळणावर अनेक गावांत अशा माला सुरू झाल्या. इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असल्या भारदस्त विषयांची सवय असलेल्या या व्यासपीठावर सिनेमाविषयी बोलायला उभे राहताना आम्हांला संकोच वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. आमचा अधिकार कोणता असे कुणी विचारले तर तो फक्त तिकिटाचा आहे. आम्ही चित्रपट काढला नाही, त्यात काम केले नाही, त्यावर प्रबंध लिहिला नाही. आयुष्यभर पदरचे पैसे मोडून अंधारात बसलो, एवढेच. पण नाटकवाल्यांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळे ज्याला मायबाप म्हणतात तो हाच प्राणी. तेव्हा मायबापांनीही एखाद्या संध्याकाळी चार शब्द बोलावेत, असे समजून आपण आम्हांला सोसून घ्यावे.

सिनेमाच्या शौकिनाची मते ही चहाच्या टपरीवरची मते असतात. ती ठाम असतात आणि त्यांना पुरावा नसतो. सर्वांत चांगला चित्रपट कोणता, या प्रश्नावर आम्ही मित्रांशी इतका वाद घातला आहे की, तो प्रश्न आता आम्ही सोडून दिला आहे. वय वाढते तसे संपूर्ण चित्रपट आठवेनासे होतात. कथानक विसरते, नायिकेचे नाव विसरते, मध्यंतरात काय खाल्ले तेही विसरते. उरते ते एखादे दृश्य. ते मात्र असे चिकटते की, पन्नास वर्षांनीही डोळे मिटले की समोर उभे. असे का होते, आणि उरलेले ते दृश्य नेमके कुणाचे असते, चित्रपट काढणाऱ्याचे की पाहणाऱ्याचे, याविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

सुरुवात आमच्या आजीपासून करतो.

आम्ही लहान असताना आमच्या गावच्या जत्रेला तंबूतला सिनेमा येत असे. पुढे जमिनीवर बसायचे, मागे बाकडी, आणि यंत्राचा खडखडाट पडद्यावरच्या बोलण्याइतकाच मोठा. अशाच एका तंबूत आजीचे बोट धरून आम्ही 'संत तुकाराम' पाहिला. प्रभात कंपनीचा हा १९३६ सालचा बोलपट. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे. तुकोबा विष्णुपंत पागनीस आणि जिजाई गौरीबाई. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सगळे आम्हांला पुढे कळले. त्या रात्री आम्हांला ठाऊक होते ते इतकेच की, शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठाला जाणार आहेत. ते विमान, तो पंख हलवणारा मोठा गरुड पाहायला आम्ही डोळे ताणून बसलो होतो. आजीने तंबूच्या दाराशीच वहाणा काढून ठेवल्या होत्या. गरुड आला. तंबूत विठ्ठलनामाचा गजर झाला, पुढच्या रांगेतल्या बायांनी पडद्याला हात जोडले, आम्ही टाळ्या पिटल्या.

घरी परतताना अंधारात आजी बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "तो गेला रे वर. पण आता त्या पोरांच्या पोटाचं ती काय करील?"

आम्हांला त्या प्रश्नाचा राग आला. विमान पाहायचे सोडून ही बाई पोरांच्या पोटाचा विचार करते! पुढे कितीतरी वर्षांनी तोच चित्रपट आम्ही पुन्हा पाहिला आणि त्या वेळी गरुड आम्हांला साधा, लाकडी, हालचालीला जड असा दिसला. आणि दिसली ती जिजाई. आजारी पोराला घेऊन देवळात शिरणारी आणि विठोबावरच पायतण उगारणारी. नवरा वैकुंठाला चल म्हणतो तेव्हा पोरांचे आणि घरचे कोण पाहील, असे म्हणून नाही म्हणणारी. चित्रपटाचे नाव तुकोबांचे आहे, भक्तीही तुकोबांची आहे. पण विमान वर जाते तेव्हा जमिनीवर राहते ती जिजाई. दामले-फत्तेलालांनी हे कुठेही शब्दांनी सांगितलेले नाही. त्यांनी फक्त तिला खाली ठेवले. आमच्या आजीने, जिने उभ्या आयुष्यात पाच-सहा सिनेमे पाहिले असतील, ते पहिल्याच खेपेला ओळखले. आम्हांला त्याला तीस वर्षे लागली. तेव्हापासून सिनेमा कुणाला कळतो आणि कुणाला नाही, याविषयी आम्ही फार जपून बोलतो.

आता दुसरे दृश्य. हे आमच्या फजितीचे आहे.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ साली आला. त्यातले आगगाडीचे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांचे रान, त्यातून धावणारी दुर्गा आणि तिच्यामागून छोटा अपू. तारेच्या खांबाला कान लावून ऐकणे. मग लांबून येणारा धूर. हे दृश्य आम्ही आयुष्यात निदान शंभर जणांना वर्णन करून सांगितले असेल. सांगताना आम्ही नेहमी म्हणत असू की, बहीणभाऊ हातात हात घालून रुळांशेजारी उभे राहतात आणि गाडी धडाडत त्यांच्यासमोरून जाते. सांगताना आमचा गळा दाटून येई. ऐकणाऱ्यांचाही येई.

काही वर्षांपूर्वी एका तरुण स्नेह्याबरोबर तो चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला. ते दृश्य आले. आम्ही कोपराने त्याला ढोसले, आता पाहा म्हणून. आणि काय पाहतो? दुर्गा धावता धावता अडखळते, मागे राहते. रुळांपर्यंत पोहोचतो तो एकटा अपू. हातात हात कुठेच नाही. पुढे दुर्गा तापाने अंथरुणाला खिळते तेव्हा ती अपूला म्हणते की, बरी झाले की आपण पुन्हा गाडी बघायला जाऊ. ती बरी होत नाही. म्हणजे ज्या पोरीने वाट दाखवली, तिलाच गाडी नीट पाहता आली नाही, हे त्या दृश्याचे सारे मर्म. आणि आम्ही तीस-चाळीस वर्षे तिला रुळांशेजारी उभी करून ते पुसून टाकीत होतो!

आमच्या स्नेह्याने फार विचारले नाही. आम्ही मात्र त्या रात्री विचार करीत बसलो. असे का झाले असावे? आम्हांला वाटते, ती पोर मागे राहिलेली आमच्या मनाला सोसवली नाही. मनाने परस्पर तिला उचलून पुढे आणले. चित्रकाराने काढलेल्या चित्रात आम्ही आपला एक हात रंगवला होता. ही चूकच होती, पण ती बेपर्वाईची चूक नव्हती.

त्याच चित्रपटातले आणखी एक दृश्य. घरधनी हरिहर कित्येक दिवसांनी गावी परततो. मुलगी गेली हे त्याला ठाऊक नाही. तो उत्साहाने एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतो. त्यात दुर्गेसाठी आणलेली साडी असते. ती साडी हातात येताच सर्वजयेचा बांध फुटतो. आपण कुणालाही विचारा, तो सांगेल की, त्या माउलीचा हंबरडा अजून कानांत घुमतो. प्रत्यक्षात तेथे तिचा आवाज नाहीच. करुणा बंदोपाध्याय यांचे तोंड उघडते आणि ऐकू येते ते तारशहनाईचे सूर. संगीत रविशंकरांचे. दिग्दर्शकाने हंबरडा काढून टाकला आणि त्याच्या जागी वाद्य ठेवले; हंबरडा घातला तो आपण. तो प्रत्येकाने आपल्या आईच्या, बहिणीच्या आवाजात ऐकला, म्हणूनच तो विसरत नाही.

श्रोतेहो, येथे आमचे पहिले मत आम्ही मांडतो. जे दृश्य सगळे सांगून मोकळे होते ते दुसऱ्या दिवशी विसरते. जे दृश्य थोडी जागा मोकळी सोडते, ती जागा प्रेक्षक आपल्या जवळचे काहीतरी घालून भरतो, आणि मग ते त्याचे होऊन बसते.

हे फक्त कलात्मक म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटांना लागू आहे असे कुणी समजू नये. पिटातल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला 'शोले' घ्या. १९७५ साली तो आला. त्यात इमामसाहेबांच्या तरुण मुलाचा खून होतो. ते काम आपल्या सचिनने केले होते. आमचे एक स्नेही पैज लावून सांगत की, गब्बरने त्या पोराला मारताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वेळी चित्रगृहांत जो चित्रपट दाखवला गेला त्यात ते नव्हते. गब्बर आडवा पडलेला आहे, त्याच्या हातावरून एक मुंगळा चालला आहे. तो त्याच्याकडे पाहतो आणि एका फटक्यात त्याला चिरडतो. त्यानंतर पाहतो ते पोराचे प्रेत घेऊन गावात शिरणारे घोडे. मधले सगळे गाळलेले. त्या काळी आणीबाणी होती, सेन्सॉरची कात्री कडक होती. त्या कात्रीने चित्रपटाचा शेवटही बदलायला लावला. ठाकूर गब्बरला ठार मारतो असा मूळ शेवट. आपण पाहिला त्यात पोलीस येऊन त्याला घेऊन जातात. कात्रीचे आम्ही समर्थन करीत नाही. शेवटाच्या बाबतीत तिने चित्रपटाचे नुकसान केले असेच आमचे मत आहे. पण मुंगळ्याच्या बाबतीत तिच्या हातून नकळत चांगले घडले. आमच्या स्नेह्यांनी पैज हरली, पण खून त्यांनी पाहिला होता हे खोटे नाही. तो त्यांनी पडद्यावर पाहिला नव्हता, इतकेच.

याच नियमाची दुसरी बाजू आवाजाची. हल्लीच्या चित्रपटांविषयी आमची एक मोठी तक्रार आहे. वयाचा दोष समजून ती ऐकून घ्यावी. पात्राच्या डोळ्यांत पाणी येण्याआधी पन्नास व्हायोलिने रडू लागतात. म्हणजे आम्ही केव्हा रडायचे हेही आम्हांला सांगून ठेवायचे! ज्यांना हे पटत नसेल त्यांनी शांतारामबापूंचा 'कुंकू' पाहावा. १९३७ सालचा हा प्रभातचा चित्रपट ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून काढलेला. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा म्हणजे शांता आपटे, आणि तो म्हातारा म्हणजे केशवराव दाते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले आणि त्या रस्त्यावरचे आवाज. गाणी आहेत, पण तीही घरात कुणी गावी तशी. त्या जुन्या वाड्यातली शांतता आपल्याला जाणवू लागते आणि तीच नीरेच्या छातीवरचा दगड होते. केशवरावांचा म्हातारा तर विलक्षण. खलपुरुष म्हणून आपण त्याचा तिरस्कार करायला बसतो आणि शेवटी त्याची कीव येऊ लागते. दिग्दर्शकाने त्याला राक्षस केले असते तर आपले काम सोपे झाले असते. त्याने तसे केले नाही.

परदेशातले एकच उदाहरण देतो, कारण ते दिल्याशिवाय आमच्या मित्रमंडळींना ही बैठक पुरी झाल्यासारखी वाटणार नाही. चार्ली चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' १९३१ सालचा. बोलपट सुरू होऊन तीन-चार वर्षे झाली होती, सगळे बोलू लागले होते. चॅप्लिन मात्र बोलायला तयार नव्हता. आंधळी फुलवाली त्याला श्रीमंत समजते. तो हालअपेष्टा सोसून, तुरुंगात जाऊन तिच्या डोळ्यांच्या इलाजाचे पैसे मिळवतो. शेवटी ती बरी झालेली, दुकानात बसलेली. आणि हा फाटक्या कपड्यांत रस्त्यावर. ती त्याला हसते, दया येऊन फूल आणि नाणे देऊ करते. नाणे देताना हाताला हात लागतो. डोळ्यांनी जे ओळखले नाही ते हाताने ओळखले. दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि चित्रपट संपतो. पुढे काय? ती त्याला जवळ करते की दार लावून घेते? चॅप्लिनने सांगितले नाही. आमच्या तरुणपणी आमची खात्री होती की, ती त्याला जवळ करते. मधल्या वयात तितकीच खात्री होती की, करीत नाही. आता आम्ही फक्त त्या हाताकडे पाहतो. चित्रपट जागच्या जागीच आहे; आम्ही त्याच्यापुढे तीनदा बदलून बसलो.

येथपर्यंत आम्ही गंमत म्हणून बोललो. आता थोडे गंभीर बोलायचे आहे, कारण हे सगळे दिसते तितके सुखाचे नाही.

आठवण चुकते हे आम्ही कबूल केले. पण चूक दुरुस्त कशी झाली? चित्रपट पुन्हा पाहता आला म्हणून. दुर्गा मागे राहिली होती हे कळले, कारण ती फीत कुठेतरी जपून ठेवलेली होती. ती नसती तर? तर आमची खोटी दुर्गा हीच खरी ठरली असती.

हा प्रश्न काल्पनिक नाही. १९९३ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि 'पथेर पांचाली'सह रायबाबूंच्या कित्येक चित्रपटांच्या मूळ फिती तीत होरपळल्या. कुणी दुसरा असता तर ती जळकी रिळे फेकून दिली असती. ती फेकली गेली नाहीत. अमेरिकेतल्या संग्रहालयात ती राहिली, आणि पुढे इटलीतल्या बोलोन्या शहरात कारागिरांनी हाताने, इंचाइंचाने ती दुरुस्त केली. जेथे फीत वाचलीच नव्हती तेथे दुसऱ्या देशांत सापडलेल्या प्रतींवरून ठिगळ लावले. २०१५ साली तो चित्रपट पुन्हा लोकांसमोर आला. आम्ही स्नेह्याबरोबर पाहिली ती हीच दुरुस्त प्रत. म्हणजे आमची फजिती व्हावी म्हणून परक्या मुलखातल्या माणसांनी इतके कष्ट उपसले होते!

आणि आपल्याकडे? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण तो संपूर्ण चित्रपट आज कुणालाही पाहता येत नाही. उरली आहेत ती थोडी रिळे. त्यात राणी तारामतीच्या सख्या पाण्यात खेळताना दिसतात. त्या सगळ्या सख्या म्हणजे लुगडी नेसलेले पुरुष. बाई काम करायला मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला दादासाहेबांनी तारामती केले. १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोघेही साळुंकेच. दादासाहेबांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' पुष्कळसा वाचला आहे, हे आपले भाग्य. त्याच्या आरंभी दादासाहेबांची छोटी मुलगी मंदाकिनी चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीची ती पोर अजून तशीच आपल्याकडे पाहून डोळे मोठे करते. तिच्याबरोबरचे बाकीचे कुठे गेले? आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यातले पुरे किंवा तुकड्यांनी उरले ते फार थोडे. पहिला बोलपट 'आलम आरा', १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

कारणे साधी आहेत. जुनी फीत नायट्रेटची असे. ती कापसासारखी पेटते आणि एकदा पेटली की पाण्याखालीही विझत नाही. त्या फितीत चांदी असते, म्हणून कित्येक जुने चित्रपट चांदी काढणाऱ्यांना विकले गेले. चित्रपट चालून गेला, पैसे वसूल झाले, आता ही रद्दी कोण सांभाळणार, असा व्यवहारी विचार. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी गोदामांतून, अडगळींतून फिती गोळा करण्यात जन्म घालवला, म्हणून जे वाचले ते वाचले. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिती ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि त्यात जुन्या फितींचा मोठा साठा नाहीसा झाला. प्रभातच्या मूळ फितीही त्यात होत्या. कित्येकांच्या प्रती दुसऱ्या फितीवर आधीच उतरवून ठेवलेल्या होत्या, म्हणून ते चित्रपट आज पाहता येतात. ज्या आवारात जिजाईने विठोबावर पायतण उगारले, त्याच आवारात तिची मूळ प्रतिमा धोक्यात यावी, याला काय म्हणावे?

आपल्यापैकी कुणी म्हणेल, अहो, जगात यापेक्षा मोठ्या वस्तू नाहीशा होत आहेत. सिनेमाचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहा. आमच्या आजीने काही लिहून ठेवले नाही. तिला लिहिता येत नव्हते. संसाराविषयी, मागे राहणाऱ्या बाईविषयी तिला काय वाटत होते, हे आम्हांला कळले ते एका सिनेमावरून विचारलेल्या एका प्रश्नातून. तो चित्रपट नाहीसा झाला तर आजीचा प्रश्नही निराधार होतो. कारण प्रश्न तिचा होता, पण तो ठेवायची जागा त्या दृश्यात होती. अशा किती आज्यांचे प्रश्न त्या जळलेल्या रिळांबरोबर गेले असतील, याचा हिशेब कुणीच मांडलेला नाही.

शेवटी एक अलीकडचे दृश्य सांगून आपली रजा घेतो. जुनेच तेवढे चांगले असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांत आमची गणना होऊ नये, म्हणूनही ते सांगणे बरे.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली आपल्याकडे चित्रगृहांत लागला. गावातले डुक्कर पकडायचे काम जब्याच्या घराकडे आलेले. शाळेतली पोरे, जब्याला आवडणारी मुलगी, सगळे पाहत आहेत आणि हसत आहेत. डुक्कर हाती लागण्याच्या बेतात असते आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो. मग बाकीचेही, जेथे असतील तेथे, ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र निघून जाते. त्याला कोण थांबवणार?

महाराष्ट्रातल्या चित्रगृहांत खेळाच्या आधी राष्ट्रगीत लावण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. त्या दिवशीही तासा-दीड तासापूर्वी आम्ही उभे राहिलो होतो आणि मग आरामात खुर्चीत टेकलो होतो. आता पडद्यावर ते लोक उभे होते आणि आम्ही बसलेले. चित्रगृहात काहीजण हसले, काहीजण चुळबुळले. आमच्या शेजारचा एक तरुण अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. उभे राहावे की बसावे हे त्याला कळेना. आम्हांलाही कळेना. चित्रपटाच्या अगदी शेवटी जब्या दगड उचलतो आणि फेकतो. तो दगड चिडवणाऱ्या पोराकडे जात नाही. तो सरळ पडद्यातून आमच्याकडे येतो. आणि अंधार होतो.

बाहेर पडताना आम्हांला आजीची आठवण झाली. तिने एका गरुडाच्या विमानाखाली उभ्या राहिलेल्या बाईकडे पाहिले होते. ती आज असती तर या दगडाविषयी काय म्हणाली असती, ते आम्हांला सांगता येणार नाही. पण ती गप्प बसली नसती एवढे नक्की.

म्हणून, श्रोतेहो, आपल्याजवळ आमचे मागणे थोडेच आहे. या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्या माणसांना एक प्रश्न विचारा की, तुमच्या ध्यानात राहिलेले सिनेमातले दृश्य कोणते? ते सांगतील ते लिहून घ्या. चुकीचे असले तरी लिहून घ्या. मग तो चित्रपट मिळत असेल तर त्यांच्याशेजारी बसून पाहा, आणि कुठे चुकले ते पाहा. त्या चुकीत आपल्याला त्यांचे मन सापडेल. आणि एखाद्याच्या माळ्यावर जुनी रिळे, जाहिरातीचे कागद, चित्रगृहात पूर्वी विकत मिळत ती गाण्यांची पुस्तके पडलेली असतील, तर ती रद्दीवाल्याला देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाका. जळकी रिळे फेकून दिली नाहीत, म्हणून आम्हांला खरी दुर्गा भेटली. असे उपकार आपल्याही हातून घडू शकतील.

 चर्चेत आमच्या मतांवर दगड आले तरी आम्ही ते आनंदाने झेलू.